तीनदा बंद केलेला प्रश्न

गुरुवारी सकाळी सव्वादहाला मी फरीदाखालांचा प्रश्न तिसऱ्यांदा बंद केला आणि चहा टाकायला उठले. त्या फरीदाखाला आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. स्क्रीनवर त्यांचं नाव होतं ‘इम्रानकीअम्मी’. तीन दिवसांत तीन प्रश्न, तिन्ही नियमाबाहेरचे. आमच्या सिस्टीममध्ये तिसरा प्रश्न बंद झाला की माणसाचं खातं सात दिवसांसाठी गोठतं. ते आपोआप होतं. मला त्यासाठी बोटही हलवावं लागत नाही. मी चहात आलं किसलं, वर दोन पानं गवती चहाची टाकली, इतकी मी निवांत होते.

माझं काम आधी सांगते, कारण ते माझ्या सासूबाईंनाही अजून नीट कळलेलं नाही. मी मॉडरेटर आहे. बेलापूरच्या एका कंपनीचं ॲप आहे, त्यात समुद्रावरची जहाजं नकाशावर दिसतात. प्रत्येक मोठं जहाज आपलं नाव, जागा आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतं. किनाऱ्यावरचे अँटेना ते ऐकतात आणि नकाशावर एक ठिपका सरकत राहतो. ॲपला जोडून एक फोरम आहे. फोरम म्हणजे ऑनलाइन कट्टा. तिथे जहाजांचा छंद असलेली माणसं जमतात, फोटो टाकतात, वाद घालतात. त्या वादात कुणी कुणाच्या आईवडिलांवर जाऊ नये हे बघायला मला पगार मिळतो. मी नागावला घरून काम करते. त्याआधी आठ वर्षं उरणला कंटेनर यार्डच्या गेटवर होते. तिथे ट्रकवाल्यांशी भांडण्याचा जो अनुभव मिळाला, त्यावरच माझी इथे निवड झाली असणार.

जहाजांचा छंद असतो का, असं मला सगळे विचारतात. असतो, आणि जबरदस्त असतो. आमच्या फोरमवर नागपूरच्या एक दाताच्या डॉक्टर आहेत. त्यांनी समुद्र आयुष्यात तीन वेळा पाहिलाय, पण धूर बघून जहाज कुठल्या देशात बांधलं ते सांगतात. आणि आहेत गोदीकाका. हे त्यांचं फोरमवरचं नाव. डोंबिवलीला राहतात, बँकेतून रिटायर झालेत. त्यांना फोरमवरचं प्रत्येक जुनं उत्तर पाठ आहे. नवीन माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला की त्यांचं डोकं सणकतं. “आधी सर्च करा” हे त्यांचं नवागतांना पहिलं वाक्य आणि बहुतेकदा शेवटचंही, कारण त्यानंतर नवागत परत येत नाही.

या गोदीकाकांच्या आग्रहामुळेच नियम चार आला. जहाजाबद्दल प्रश्न विचारायचा तर त्याचा सात आकडी नंबर द्यायलाच हवा. जहाज बांधलं जातं तेव्हा त्याला हा नंबर मिळतो आणि ते मोडीत जाईपर्यंत तोच राहतो. मालक बदलो, नाव बदलो, रंग बदलो. नंबर नसेल तर मॉडरेटरनं थ्रेड लॉक करायचा. थ्रेड म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं. लॉक केला की तो वाचता येतो, पण त्यात कुणी काही लिहू शकत नाही. खाली मी एक तयार उत्तर चिकटवते. ‘आपला प्रश्न नियम चारमध्ये बसत नाही. कृपया नियम वाचावेत. शुभेच्छा.’ ‘शुभेच्छा’ माझी. बाकीचं कंपनीचं.

इम्रानकीअम्मीचा पहिला प्रश्न असा होता: ‘सलाम सगळ्यांना. माझा मुलगा जहाजावर हाय. निळं जहाज हाय. रविवारी आपल्या बाजूनं जानार. त्याच्या फोनला रेंज कधी येईल?’

फोरमला दिवाळी आल्यासारखं झालं. कुणी लिहिलं, हे चौकशीचं काउंटर नाही. कुणी लिहिलं, माझ्याच फोनला रेंज नाही, जहाजाचं काय घेऊन बसलात. गोदीकाकांनी लिहिलं, “निळी जहाजं जगात हजारो आहेत. आधी सर्च करा.” खाली हसणारी तोंडं ओळीनं. मी लॉक केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा दुसरा प्रश्न आला. तो जरा लांबलचक होता. नंबर दिसला नाही, लॉक केला. तिसऱ्या दिवशी आला: ‘नियम वाचले. तो सात आकड्याचा नंबर कुठं लिहिलेला असतो?’

यातही नंबर नव्हता. मी लॉक केला.

आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. पण त्या दिवशी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला ते नीटनेटकं काम वाटलं होतं.

दुपारी ऑफिसनं एक फोन माझ्याकडे वळवला.

“हॅलो, तुम्हीच का त्या कुलूप लावणाऱ्या बाई?”

आवाज बाईचा, वयस्कर, आणि त्यात रागाचा लवलेश नाही. मी जरा सावरून म्हटलं, “मी मॉडरेटर बोलतेय. आपली तक्रार काय आहे?”

“तक्रार न्हाय गं बाय. माझा सवाल हाय. तीनदा केला. तुम्ही तीनदा शुभेच्छा दिल्या. आता तर आतच घेत न्हाय. तुम्ही ऱ्हाता कुठं?”

असं सांगायचं नसतं. पण इतक्या घरच्यासारखं विचारलं की तोंडातून निघून गेलं. “नागावला.”

“या अल्ला! मी रेवदंड्याची. बस तिथंच, रिक्षा करून येते.”

अर्ध्या तासात त्या माझ्या ओटीवर होत्या. साठीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून ओढणी, हातात स्टीलचा डबा. डब्यात तांदळाची वाफवलेली सांदणं होती. ज्या बाईला मी आत्ताच गोठवलं होतं तिच्या हातची सांदणं खायची मला लाज वाटली. तरी एक उचललं. मग मी चार खाल्ली.

नाव फरीदा. खाला म्हणजे मावशी, गावात सगळे त्यांना तसंच म्हणतात. मुलगा इम्रान, एका टँकरवर ऑयलर. ऑयलर म्हणजे इंजिन-रूममधला हरकाम्या. तेल घालणं, पुसणं, मशीनवर नजर ठेवणं. त्याला म्हसळ्याची एक मुलगी सांगून आली होती. शबाना, शाळेत शिकवते. दोघं फोनवर दोनदा बोलले होते. मग दोन महिन्यांपूर्वी जहाज विकलं गेलं, जुन्या मालकानं त्यावरचं इंटरनेट बंद केलं, नव्यानं अजून बसवलं नाही. तेव्हापासून कप्तानाच्या ईमेलवरून आठवड्याला एक ओळ, तेवढाच संपर्क.

“आणि पोरगी बोलते, मला त्याला एक गोष्ट विचारायचीय. सगळ्यांच्या समोर, तोंडावर. जवाब पटला तर हो. न्हाय तर न्हाय.”

“काय विचारायचंय?”

“ते सांगत न्हाय ना! तिच्या बापाला पण न्हाय.”

बाप कुवेतला नोकरीला. दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला, रविवारी संध्याकाळी परत जाणार. चार वाजता त्याची गाडी निघणार. तो जाण्याआधी मुलीचं नक्की करून जायचं हे त्यानं ठरवलेलं. महाडचं दुसरं एक स्थळ तयारच होतं. रविवारी दुपारी म्हसळ्याची माणसं रेवदंड्याला जेवायला येणार होती. इम्रानची शेवटची ईमेल होती: ‘जहाज सिंगापूरहून कच्छला चाललंय. रविवारी मुंबईच्या आसपास किनाऱ्याच्या बाजूनं पास होऊ. रेंज मिळाली तर बोलतो.’ किती वाजता, कुठे, काही नाही. नोकरी देणाऱ्या एजंटला फोन केला तर तो म्हणाला, सोमवारी करा.

“मला येवढंच पायजे, बाय. किती वाजता रेंज येईल. त्या टायमाला मी सगळ्यांना समोर बसवीन. टायम चुकला तर पोर हातची गेली. इम्रान काही बोलत न्हाय, पण त्यानं तिचा फोटो पाकिटात ठेवलाय, मला म्हाईत हाय.”

मी लॅपटॉप उघडला आणि तिन्ही थ्रेडची कुलपं काढली. खातंही उघडलं. पंधरा मिनिटांत साहेबांचा फोन. आमचे अनिश सर, वय एकोणतीस, मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना सर म्हणते.

“मॅडम, रूल इज रूल ना? गोदीकाकांचा मेल आलाय. नंबर नसलेला थ्रेड उघडला म्हणून फोरम सोडून जाईन बोलतात.”

“सर, ते कुठे जातील? त्यांना वाद घालायला दुसरीकडे कोण मिळणार?”

“ते सीनियर मेंबर आहेत.”

“आणि ह्या माझ्या समोर बसल्यात. तुम्ही बोलता का त्यांच्याशी?”

सर चटकन म्हणाले, “नको नको. तुम्ही हँडल करा. पण संडेपर्यंतच.”

मी थ्रेडमध्ये सगळी हकिकत लिहिली आणि फरीदाखालांच्या मुलाच्या कराराच्या कागदावरचं जहाजाचं नाव टाकलं. ते नाव इथे मुद्दाम देत नाही, धंद्याची शिस्त आहे. दोन मिनिटांत गोदीकाकांचं उत्तर आलं. फरीदाखाला माझ्या खांद्यावरून वाचत होत्या.

“या नावाचा टँकर दोन वर्षांपूर्वी भंगारात तोडला. फोटोसहित पुरावा उपलब्ध. प्रश्न विचारण्याआधी किमान अभ्यास करावा.”

फरीदाखालांचा चेहरा पांढराफटक पडला. “तोडलं? मग माझा पोरगा दोन वर्षं कशावर हाय?”

मी त्यांना पाणी दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गोदीकाकांना जाहीर झापलं. लिहिलं, ‘काका, एकाच नावाची दहा जहाजं असतात, म्हणूनच तर नियम चार आहे ना? मुलाची आई इथे माझ्या शेजारी बसून हे वाचतेय.’

पाच मिनिटांनी गोदीकाकांनी लिहिलं, “माफ करा. ताईंना सांगा, दुसरं जहाज असणार. मी शोधतो.” आणि लगेच खाली, “त्यांच्याकडे मुलाचा जहाजासोबतचा एखादा फोटो आहे का?”

फोटो होता. इम्रान धक्क्यावर उभा, छाती पुढे, गॉगल लावलेला, मागे जहाजाचा मागचा भाग. तिथेच जहाजाचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो. फरीदाखालांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच फोनमध्ये होतं. सातपैकी सहा आकडे स्पष्ट दिसत होते. चौथा इम्रानच्या डाव्या कानामागे होता.

आता जे झालं त्याला मी काम म्हणू की उत्सव म्हणू मला कळत नाही. त्या नंबराची एक गंमत आहे. सातवा आकडा पहिल्या सहांवरून ठरतो. पहिल्याला सातनं गुणायचं, दुसऱ्याला सहानं, असं उतरत सहाव्याला दोननं. सगळ्याची बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा तोच सातवा. म्हणजे मधला एक आकडा लपला तरी गणित करून शोधता येतो. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन पेशंटच्या मधल्या वेळात लिहिलं, “कानामागे चार असेल किंवा नऊ. दुसरा कुठलाच आकडा बसत नाही.” चार घालून पाहिलं तर कुठल्या तरी बर्फाच्या देशातली गाड्या नेणारी फेरीबोट निघाली. नऊ घातला आणि आमचा टँकर सापडला. नवं नाव, नवा मालक, आणि रंग आता मरून.

“निळं न्हाय?” फरीदाखाला म्हणाल्या. “मग मी कुठल्या जहाजासाठी दुआ करत होते?”

नाव चुकलं, रंग चुकला, पण प्रश्न बरोबर होता. शुक्रवारी दुपारी केरळच्या किनाऱ्यासमोर, बऱ्याच बाहेर, तो ठिपका नकाशावर उगवला तेव्हा आमच्या फोरमवर लोकांनी फटाक्यांची चित्रं टाकली. वेग अकरा नॉट. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. गोदीकाका दर तासाला जागा आणि वेग लिहू लागले. त्यांचा हिशेब सांगत होता, रविवारी दुपारी दोनच्या सुमारास रेवदंड्यासमोर.

पण रेवदंड्यासमोर म्हणजे रेंजमध्ये का? हे फोरमवर कुणालाच माहीत नव्हतं. टॉवरची उंची, पृथ्वीची गोलाई, यावर चाळीस उत्तरं पडली आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. शेवटी फरीदाखाला म्हणाल्या, “हिराजीला विचारते की.” हिराजी तांडेल त्यांच्या आळीच्या मागच्या कोळीवाड्यातले. तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. त्यांचं खातं फरीदाखालांनीच उघडून दिलं. त्यांनी व्हॉइस टायपिंगनं लिहिलं:

‘मुरूडच्या भायेर गेला का फोन मरतंय. कोर्लईचा डोंगर आडवा आला का जित्ता व्हतंय. खांदेरी मागं पडली का पुन्ना मरतंय. पंधरा मैलावर चालतंय, त्याच्या भायेर न्हाय.’

गोदीकाकांनी सवयीनं विचारलं, “याला आधार काय?”

हिराजींनी लिहिलं, ‘बायकोचा फोन. रोज येतंय, म्हावरं काय गावला इचारतंय.’

डोंबिवलीहून लगेच दुसरा प्रश्न आला, “आणि पावसाळी हवेत फरक पडतो का?” मग तिसरा. मग चौथा. अकरा वर्षांत गोदीकाकांनी फोरमवर कुणाला काही शिकून घ्यायला प्रश्न विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं. हिराजींनी प्रत्येकाला उत्तर दिलं. एकदाही सर्च करा म्हणाले नाहीत.

कोर्लईच्या डोंगरापासून खांदेरीच्या बेटापर्यंत, अकराचा वेग, म्हणजे जेमतेम पाऊण तास. शनिवारी सकाळी गोदीकाकांनी मोठ्या अक्षरांत जाहीर केलं: “रविवार, दुपारी दोन ते पावणेतीन.” मी उडीच मारली. अनिश सरांनी बेलापूरहून अंगठ्याची सहा चित्रं पाठवली. मी फरीदाखालांना फोन केला. वाटलं होतं त्या रडतील.

“ते ठीक हाय,” त्या म्हणाल्या, “पण तवा तो खाली असतो. त्याची ड्युटी बारा ते चार. खाली मशीनमदी रेंज कशी येनार? ते मी दुसऱ्यांदा विचारलं होतं की.”

मी दुसरा थ्रेड उघडला. लांबलचक होता म्हणून मी तो शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: ‘दुपारी बारा ते चार तो खाली इंजिनात असतो. तेवढ्यात वर यायची परवानगी कशी काढायची, कुणी जाणकार सांगेल का?’ खाली माझी शुभेच्छा.

मी तो दोनदा वाचला. जहाजावर दिवसाचे चार-चार तासांचे पहारे असतात. पहाऱ्यावरचा माणूस जागा सोडत नाही. वरून रेंजचा वर्षाव होत असेल आणि इम्रान पोटात बसून तेलाचं प्रेशर वाचत असेल. दोन दिवस आम्ही सगळे जाणकार जहाज कुठे असेल याचं गणित करत नाचत होतो. मुलगा जहाजात कुठे असेल हे एकट्या आईनं विचारलं होतं.

उपाय एकच, कप्तानाला ईमेल. पत्ता होता, इम्रानच्या ओळी तिथूनच यायच्या. आता मसुदा कोण करणार यावरून फोरमवर जुंपली. गोदीकाकांचा मसुदा दीड पानी होता आणि त्याची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी होती. डॉक्टरांनी त्यात जहाजाच्या इंजिनाची स्तुती घातली. कुणी म्हणालं कायद्याचं कलम घाला. कप्तान कुठल्या देशाचा तेही कुणाला माहीत नव्हतं. शेवटी मी फरीदाखालांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी इंग्रजीत लिहिते. त्या एका दमात म्हणाल्या:

“कप्तान साहेब, सलाम. मी इम्रानची आई. रविवारी दोनला रेंज येनार. त्याची मंगनी हाय. पाऊण तास वर पाठवा. त्याच्या बदली खाली कोण बसंल त्याच्यासाठी मी दुआ करीन. तुमच्या आईला सलाम.”

तेवढंच पाठवलं. शनिवार संपला. उत्तर नाही. रविवारी सकाळीही नाही.

रविवारी बाराला मी लॅपटॉप घेऊन रेवदंड्याला पोचले. सुट्टीचा दिवस, पण हे माझंच काम होतं. घरात बिर्याणीचा वास, म्हसळ्याची आठ माणसं, कुवेतवाले वडील घड्याळाकडे बघत बसलेले. शबाना कोपऱ्यात. सडपातळ, चष्मा, चेहऱ्यावर परीक्षेला बसवणाऱ्या बाईंचा शांतपणा. हिराजी दारात उभे. फरीदाखाला फोन ओढणीत धरून बसल्या होत्या, जणू तो गार पडला असता.

एक पन्नासला ठिपका कोर्लईच्या अलीकडे. वेग अकरा. साडेचौदा मैलांवर. फोरमवर मी कधी एकाच वेळी इतकी माणसं ऑनलाइन पाहिली नव्हती. दोन वाजले. दोन पाच. फोन गप्प. गोदीकाकांनी लिहिलं, “आत आलं. रेंजमध्ये असायलाच हवं.” दोन दहा. अनिश सर: “आली का?” दोन पंधरा. वडील म्हणाले, “गाडीवाल्याला चारचं सांगितलंय हां.” दोन वीस. फरीदाखालांच्या ओठांत दुआ चालू, आवाज नाही. मला रडू येईल असं वाटायला लागलं. दोन चोवीस. ठिपका अर्ध्या वाटेत.

फोन वाजला.

व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर आधी नुसतं आभाळ, मग वारा, मग इम्रान. अंगात तेलकट बॉयलर सूट, गाल काळे, आणि मागे दहा-बारा माणसं रांगेत उभी, एक हातात पाना घेऊन. शेजारी पांढऱ्या शर्टातला कप्तान, पाठीवर हात बांधून, बोट बुडत असल्यासारखा गंभीर.

“अम्मी! पंधरा मिनिटं फोन हातात धरून फिरतोय, आत्ता लागला!”

घरात एकच कल्ला झाला. सगळे एकदम बोलायला लागले. फरीदाखालांनी एका हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि फोन शबानाच्या हातात दिला. तिनं चष्मा सारखा केला.

“तुम्हाला पोहता येतं का?”

मला वाटलं होतं नोकरीचं विचारेल, नमाजचं विचारेल, लग्नानंतर शाळा चालू ठेवू का ते विचारेल. इम्राननं मागच्या माणसांकडे पाहिलं. ती सगळी दुसरीकडे बघायला लागली. आठ वर्षं समुद्रावर असलेला माणूस. हो म्हणणं किती सोपं होतं.

“न्हाय,” तो म्हणाला. “ट्रेनिंगला जॅकेट घालून तरंगलो, तेवढंच. पानी बघितलं की पोटात गोळा येतो. कुणाला सांगितलं न्हाय आजवर.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कप्तानानं वळून पाहिलं, हसू बंद.

शबाना पहिल्यांदा हसली. “मागच्या मुलानं हो म्हणून सांगितलं होतं. त्याला मी आमच्या खाडीवर नेलं, तर गुडघाभर पाण्यात ओरडला. मला पोहणारा नको होता. खरं बोलणारा हवा होता. पोहायला मी शिकवीन.”

“म्हणजे हो?” इम्रान ओरडला. “म्हणजे हो का न्हाय? नीट सांगा, आवाज तुटतोय—”

“हो!” शबाना म्हणाली. मग सगळी म्हसळ्याची माणसं म्हणाली. मग हिराजी दारातून म्हणाले, त्यांचा आवाज बहुधा फोनशिवायच पोचला असता. आणि स्क्रीनवर इम्रान तोंड उघडं ठेवून थिजला. कॉल गेला. परत लागला नाही.

त्यानं ऐकलं की नाही हे कुणालाच कळेना. तरी वडील उठून फरीदाखालांच्या भावाला कडकडून भेटले, आणि चारला निघणारी गाडी साडेचारला निघाली, कारण तोंड गोड केल्याशिवाय त्यांना कुणी सोडेना. मी थ्रेडवर फक्त ‘हो’ लिहिलं. डोंबिवलीत, नागपुरात, बेलापुरात काय झालं ते मला दिसलं नाही, पण सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला होता. फरीदाखाला मात्र दाराशी उभ्या राहून समुद्राकडे बघत राहिल्या. “तो ऐकल्याशिवाय वेडा होईल गं,” त्या म्हणाल्या. “मंगळवारपर्यंत रेंज न्हाय.”

सोमवारी सकाळी कप्तानाची ईमेल आली. दोनच ओळी होत्या. मी त्यांना फोनवर मराठीत वाचून दाखवल्या.

‘मॅडम, आपल्या मुलाने ऐकले आहे. तेव्हापासून तो इंजिन-रूममध्ये काहीही उपयोगाचा राहिलेला नाही, तरी लग्नाची तारीख जहाज बंदरात असताना ठेवावी.’

फरीदाखाला इतक्या हसल्या की फोन हातातून पडला आणि कॉल कट झाला.

नियम चार अजून आहे. तो चांगला नियम आहे. फक्त माझं तयार उत्तर मी काढून टाकलं. आता नवीन माणसाचा प्रश्न लॉक करण्याआधी तो पूर्ण वाचावा लागतो, चौथ्या ओळीसकट. त्यामुळे माझं रोजचं काम तासाभरानं वाढलंय. अनिश सर म्हणतात, याचा ओव्हरटाइम मिळणार नाही.